सर्दी छातीत उतरते तेव्हा

जून-जुलैत माझ्या रत्नागिरीच्या दवाखान्यात एकच वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर येतं. "डॉक्टर, सर्दी छातीत उतरली."

परवा आठ वर्षांचा एक मुलगा आला. सोमवारी शिंका, मंगळवारी नाक गळायला लागलं आणि बुधवारी पहाटे आई त्याला घेऊन दारात. शर्ट वर करून पाहिलं तर दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखाली खळगा पडत होता. दोन शब्द बोलला की धाप. श्वास सोडताना दोन्ही बाजूंना बारीक शिट्ट्या, ऑक्सिजन ९३. स्पेसरला झटक्याच्या वेळचा निळा पंप लावला. एक दाब, पाच-सहा श्वास, पुन्हा दाब. वीस मिनिटांनी तेच सगळं परत. तासाभरानं त्यानं पाणी मागितलं, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

मधल्या वेळात आईशी बोललो.

"ताई, दम्याचा रोजचा पंप चालू आहे ना?"

"मे महिन्यात बंद केला. बरा होता हो अगदी. म्हटलं, सवय लागेल."

पंपाची सवय लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. तरी दर पावसाळ्यात पुन्हा सांगावं लागतं.

सर्दीच्या त्याच विषाणूनं, ऱ्हायनोव्हायरसनं, त्याच्या वर्गातल्या कितीतरी मुलांची नाकं गळतात. श्वास अडकतो एखाद-दुसऱ्याचाच. कारण त्याची श्वासनलिका आधीपासूनच सुजलेली असते. ओल्या हवेत गादीत धूळकिडे वाढतात, जेमतेम पाव-तृतीयांश मिलिमीटरचे. त्यांच्या विष्ठेतलं एक प्रथिन श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे उसवतं. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या अस्तरात ही धुसफूस बाराही महिने चालू असते, त्याला खोकला नसला तरी.

अशा अस्तरावर विषाणू आला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे, विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन तिथे कमी पडतं. साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २००५ साली दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना ऱ्हायनोव्हायरसची लागण केली. निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा त्यांच्यात इंटरफेरॉन-बीटा कमी तयार झालं आणि विषाणू जास्त वाढला. दुसरी गोष्ट मला जास्त धास्तीची वाटते. जखमी पेशी आयएल-३३ आणि टीएसएलपी नावाचे धोक्याचे रेणू सोडतात, आणि त्यांनी जाग्या होतात त्या नेमक्या ॲलर्जीच्याच पेशी. त्यातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी धावून येतात, चिकट कफ साचतो, नळीचे स्नायू आवळतात. विषाणू निमित्त होतो. भडका ॲलर्जीचा उडतो.

याचा पडताळाही मिळालाय. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, शहरी वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांना ओमालिझुमॅब दिलं होतं. हे औषध विषाणूला हातही लावत नाही, ॲलर्जीचं आयजीई हे प्रतिपिंड तेवढं अडवतं. तरी त्या मुलांमध्ये ठरावीक हंगामात येणारी दम्याच्या झटक्यांची उसळी जवळपास थांबली.

म्हणून अशा प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही. ऊन पडेल त्या दिवशी गाद्या अंगणात टाका, चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, मूल कितीही ठणठणीत दिसो. आणि शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच, त्याला एकदा दाखवून घ्या.