बंदुकांचे सिंहासन

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात एक खुर्ची आहे. दुरून पाहिली तर साधीच वाटते. चार पाय, दोन हात, उंच पाठ. जवळ गेल्यावर मात्र माणूस दचकतो. ही खुर्ची ना शिसवीची, ना वेताची. तिचा पाय न पाय, हात न हात मोडक्या बंदुकांचे तुकडे जोडून बनवलेला आहे. कुठे नळी, कुठे दस्ता, कुठे कोयत्यासारखे वाकलेले काडतुसांचे मॅगझिन. या बंदुकांनी एकेकाळी माणसे मारली आहेत. आज त्या गपगुमान एकमेकींना चिकटून खुर्ची होऊन बसल्या आहेत.

या खुर्चीचे नाव 'शस्त्रांचे सिंहासन'. ती 2001 साली घडवली आफ्रिकेतील मोझांबिक देशाच्या क्रिस्तोव्हाओ कान्याव्हातो या शिल्पकाराने. लोक त्याला केस्टर या नावाने ओळखतात. पुढच्याच वर्षी म्युझियमने ती विकत घेतली, आणि 2010 साली बीबीसी रेडिओने शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगितला, तेव्हा त्या शंभरांत या खुर्चीलाही मान मिळाला. प्राचीन नाणी आणि इजिप्तच्या ममीच्या पंक्तीत भंगारातून घडलेली खुर्ची!

एका देशाची होरपळ

मोझांबिक तसा आपल्याला अगदी परका नाही. वास्को द गामा कालिकतला येताना वाटेत याच किनाऱ्याला लागला होता. पुढे पोर्तुगीजांनी तिथे बस्तान बसवले आणि 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार चक्क गोव्यातून चालत होता. व्यापार आणि नोकरीच्या निमित्ताने अनेक गोवेकर कुटुंबे तिकडे स्थायिक झाली. स्वतंत्र मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा हे गोव्यात जन्मलेले. 1986 मध्ये ज्या विमान अपघातात माशेल गेले, त्यातच ब्रागांसाही गेले.

स्वातंत्र्य सुखासुखी मिळाले नाही. 1964 पासून दहा वर्षे 'फ्रेलिमो' ही संघटना पोर्तुगीजांशी लढली आणि 1975 मध्ये देश स्वतंत्र झाला. लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला न टाकला तोच, 1977 पासून यादवी पेटली. एका बाजूला फ्रेलिमोचे सरकार, त्याच्या पाठीशी सोव्हिएत गट. दुसऱ्या बाजूला 'रेनामो'चे बंडखोर. त्यांना आधी शेजारच्या ऱ्होडेशियातील गोऱ्या राजवटीने उभे केले आणि नंतर वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने पोसले. पंधरा वर्षे हे चालले. लढाईत आणि त्यापाठोपाठ आलेल्या उपासमारीत सुमारे दहा लाख माणसे दगावली, पन्नास लाखांच्या आसपास बेघर झाली. शेतांत आणि पायवाटांवर सुरुंग पेरले गेले. केस्टर स्वत: या आगीतून वाचला, पण त्याच्या नात्यातल्या दोघांना पाय गमवावे लागले.

4 ऑक्टोबर 1992 रोजी रोममध्ये तह झाला. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तिच्यात भारतीय जवानही होते. 1994 मध्ये निवडणुका झाल्या. कागदावर युद्ध संपले. पण बंदुका? त्या गेल्या नव्हत्या. बऱ्याच जणांनी त्या घराच्या मागे, झाडाखाली, शेताच्या बांधावर पुरून ठेवल्या होत्या. उद्या तह मोडला तर काय, ही धास्ती होतीच. शिवाय बंदूक म्हणजे हातातली रोकड. सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेतील गुन्हेगार टोळ्यांना ती विकता येत होती.

बंदूक द्या, कुदळ घ्या

अशा वेळी दिनीस सेंगुलाने या बिशपांनी एक अफलातून कल्पना मांडली. तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करण्याची गोष्ट बायबलमध्ये आहे. बिशपांनी ती उपदेशापुरती ठेवली नाही. 1995 मध्ये मोझांबिकच्या ख्रिस्ती परिषदेच्या वतीने त्यांनी योजना सुरू केली. तिच्या पोर्तुगीज नावाचा अर्थच मुळी 'शस्त्रांच्या कुदळी करणे' असा आहे.

व्यवहार सरळ होता. बंदूक आणून द्या आणि बदल्यात कामाची वस्तू घेऊन जा. कुणाला शिलाई यंत्र, कुणाला सायकल, कुणाला शेतीची अवजारे, कुणाला घर बांधायचे सामान. एका गावाने तर सगळी शस्त्रे गोळा करून दिली आणि ट्रॅक्टर मिळवला. बंदूक कुठून आणली, कुणावर चालवली, हे विचारायचे नाही, अशी अट होती. ती नसती तर एकही माणूस पुढे आला नसता. कारण ज्याच्या हातून काही भलतेसलते घडले आहे, तोच बंदूक सोडायला सर्वांत जास्त घाबरतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बंदुकीच्या मोबदल्यात पैसे दिले असते तर त्याच पैशांतून दुसरी बंदूक घेता आली असती. शिलाई यंत्राने मात्र घरात रोज चार पैसे येतात आणि ते चालवायला घरची बाईच बसते. बिशपांचा हिशेब पक्का होता. हात नि:शस्त्र करायचे तर आधी मन नि:शस्त्र झाले पाहिजे, असे ते म्हणत. आणि पोटात घास असल्याशिवाय मन कुठले शांत व्हायला!

गोळा झालेली हत्यारे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून लगेच निकामी केली जात. काही सुरुंगाने उडवून दिली जात, काही कापून त्यांचे तुकडे केले जात. त्या तुकड्यांचे काय करायचे? राजधानी मापुतोमधल्या 'नुक्लेओ द आर्त' या कलावंतांच्या संस्थेतील शिल्पकारांनी ते मागून घेतले आणि वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. कुणी पक्षी केले, कुणी प्राणी, कुणी वाद्य वाजवणारी माणसे.

दोन हसरे चेहरे

केस्टरने खुर्ची निवडली हे विशेष. खुर्चीसाठी काय काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मोझांबिकमध्येही सारा रक्तपात त्या एका खुर्चीसाठीच झाला होता. म्हणूनच त्याने बंदुकांची खुर्ची केली आणि तिच्यावर कुणी राजा बसवलाच नाही.

या खुर्चीतल्या बंदुका पाहिल्या की त्या देशाचा इतिहास वाचता येतो. पाठीला पोर्तुगीजांच्या जी-थ्री रायफली आहेत, म्हणजे स्वातंत्र्यलढ्याच्या काळातल्या. बाकीच्या भागांत पूर्व युरोप आणि उत्तर कोरियातून आलेली कलाश्निकोव्हसारखी हत्यारे आहेत. एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नाही. मारणारे आणि मरणारे तिथले, कारखाने मात्र परदेशातले!

पाठीच्या वरच्या टोकाला रायफलींचे दोन दस्ते आहेत. त्यांवर स्क्रूची भोके आणि पट्टा अडकवण्याची खाच आहे. नीट पाहिले तर दोन डोळे आणि एक हसरे तोंड दिसते. केस्टरने ते कोरलेले नाही, मुळातच तसे होते. त्याने फक्त ते हेरले आणि दोन्ही चेहरे समोर येतील असे जोडले. आता आपण मोकळे झालो, असे ते दोघे एकमेकांना सांगत आहेत, असे त्याचे म्हणणे.

हे सिंहासन केवळ काचेआड राहिले नाही. ब्रिटनमध्ये ते शाळांतून, चर्चमधून, बाजारपेठेतून, अगदी तुरुंगातूनही फिरवले गेले. पुढे म्युझियमने आणि 'ख्रिश्चन एड' या संस्थेने मिळून आणखी मोठे काम सांगितले. केस्टर, हिलारियो न्यातुगुएजा, फिएल दोस सान्तोस आणि आदेलिनो माते या चौघांनी बंदुकांच्या तुकड्यांतून साडेतीन मीटर उंचीचा, अर्धा टन वजनाचा 'जीवनवृक्ष' उभा केला. 2005 साली तो लंडनला आला. त्याच्या आसपास कासव आहे, सरडा आहे, पाखरे आहेत, सगळी त्याच लोखंडाची. याच वाटेने गेलेल्या गोन्सालो माबुंदाची सिंहासने आणि मुखवटे 2015 मध्ये व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात झळकले.

कलेने युद्ध थांबते का, असे कुणी विचारील. मोझांबिकचा अनुभव मिश्र आहे. 2015 मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले, ही केवढी मोठी गोष्ट! पण त्याआधीच, 2013 पासून, रेनामो आणि सरकार यांच्यात पुन्हा चकमकी झडू लागल्या होत्या. 2019 मध्ये नवा तह करावा लागला आणि रेनामोचा शेवटचा तळ बंद व्हायला 2023 साल उजाडले. दरम्यान 2017 पासून उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात वेगळेच बंड उसळले आणि लाखो माणसे पुन्हा घरे सोडून पळाली. केस्टरच्या खुर्चीत जोडलेल्या बंदुका परत चालणार नाहीत, एवढे मात्र खरे. नव्या बंदुका वेगळ्या वाटेने येतात.

मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर तीन वस्तू आहेत. एक उघडे पुस्तक, एक कुदळ आणि संगीन लावलेली कलाश्निकोव्ह. ही बंदूक काढून टाकावी असे अनेकांना वाटत होते. 2005 साली नव्या ध्वजासाठी स्पर्धाही घेतली गेली, चित्रे आली, वाद झाले. ध्वज मात्र बदलला नाही. कुदळ आणि बंदूक तिथे आजही एकमेकींवर आडव्या आहेत.