ठसका वयाचा म्हणून सोडू नका

दस्तरखानावर पाण्याचा घोट घेताच अब्बांना ठसका लागायचा. “वय झालं,” म्हणत त्यांनी पाणीच कमी केलं, तेव्हा आम्ही घाबरलो. उतारवयात गळ्याचे स्नायूही अशक्त होतात. घास-पाणी श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

स्पीच थेरपिस्टने तपासून व्यायाम दिला. उशी न घेता उताणे झोपायचे, खांदे टेकलेले ठेवून फक्त डोके उचलायचे, पायाची बोटे पाहायची. अमेरिकेतील डॉ. रेझा शाकेर यांच्या नावाने तो ओळखला जातो. पूर्ण व्यायामात 1-1 मिनिट 3 वेळा डोके धरून ठेवायचे, मग 30 वेळा वर-खाली. दिवसातून 3 वेळा, 6 आठवडे. अब्बांनी 10 सेकंदांपासून सुरुवात केली. मानेचे दुखणे असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

जेवताना ताठ बसवा, घास लहान द्या. अब्बा आता सर्वांबरोबर चहा घेतात, पण घोटाघोटाने.