तपकिरी चरबीचा चकवा

पोटात मागच्या बाजूला, मूत्रपिंडाला खेटून चरबीची मोठी गाठ. पेट स्कॅनवर ती लखलखतेय आणि अहवालाच्या शेवटी ‘लायपोसार्कोमाची’, म्हणजे चरबीच्या कॅन्सरची, ‘शक्यता’. असा कागद हातात पडला की घरच्यांचा धीर सुटतो. पण क्वचित कधी ही गाठ निघते हायबर्नोमा, म्हणजे तपकिरी चरबीची, अगदी निरुपद्रवी.

तपकिरी चरबी ही अंगातली शेगडी. तान्ह्या बाळाला आणि शीतनिद्रेत जाणाऱ्या प्राण्यांना तिचीच ऊब. तिला साखर लागते, आणि पेट स्कॅन नेमकी साखरेची भूकच टिपतो. १९७६ साली ब्रुकहेवनमध्ये तयार झालेले, या स्कॅनला लागणारे किरणोत्सारी ग्लुकोज फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नेऊन पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. तंत्र मोलाचेच, पण ‘चमकले म्हणजे कॅन्सर’ ही त्यातून रुजलेली समजूत साफ चुकीची आहे.

मग निवाडा कसा होतो? सुईने काढलेल्या तुकड्यातल्या पेशींची केंद्रके निळी रंगवतात आणि बाराव्या गुणसूत्रावरचे एमडीएम२ हे जनुक चमकत्या ठिपक्यांनी दाखवतात. हायबर्नोमात किंवा साध्या चरबीच्या गाठीत प्रत्येक केंद्रकात साधारण दोन ठिपके. लायपोसार्कोमात मात्र त्यांचे घोसच्या घोस! एरवी नुसत्या नजरेला चकवणारा फरक इथे चक्क मोजता येतो.

हे जनुक सापडले उंदराच्या पेशींत, त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डोना जॉर्ज यांच्या प्रयोगशाळेत, शोधनिबंध १९८७चा. पुढे १९९२मध्ये बाल्टिमोरच्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने ४७ सार्कोमा तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त गाठींत या जनुकाच्या प्रतींचा सुकाळ दिसला. पेशीला आवर घालणाऱ्या पी५३ प्रथिनाला एमडीएम२ जखडून ठेवते, हेही त्याच वर्षी दुसऱ्या एका निबंधातून कळले. १९९२च्या या दोन्ही निबंधांच्या लेखकांत जॉर्ज आहेत, तरी या कथेत नाव गाजते ते व्होगेलस्टाइन आणि प्रिन्स्टनचे आरनॉल्ड लेव्हिन यांचे. हे मला खटकते.

सुई नेमकी कुठे टोचली यावरही बरेच अवलंबून असते. मोठ्या गाठीचा एक कोपरा साधा आणि दुसरा घातक असू शकतो. म्हणून स्कॅन आणि ठिपके एकत्र पाहूनच शस्त्रक्रिया ठरवतात. हायबर्नोमा असेल तर तेवढी गाठ काढली की पुरते. लायपोसार्कोमा असेल तर पुष्कळदा शेजारचे मूत्रपिंडही काढावे लागते.