किनारी अधिवास पुनर्स्थापनेतील प्रारंभिक वैज्ञानिक पदे

खारफुटी, प्रवाळखडक, सागरी गवताची कुरणे इत्यादी ऱ्हास पावलेले अधिवास पूर्ववत करण्याच्या कामात नवोदित पदव्युत्तरांना प्रकल्प साहाय्यक, कनिष्ठ संशोधन अधिछात्र अशी पदे मिळतात. महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष (स्थापना २०१२) आणि गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) या क्षेत्राशी संबंधित प्रमुख संस्था होत.

कामाचे स्वरूप

खारफुटीच्या प्रकल्पात लागवडीपूर्वी जमिनीची उंची, पाण्याची क्षारता आणि भरतीचे पाणी टिकण्याचा काळ मोजावा लागतो. रोपे फार खालच्या पातळीवर लावल्यास ती दीर्घकाळ पाण्याखाली राहून मरतात. बांधामुळे भरतीचे पाणी अडले असल्यास प्रवाह मोकळा केल्यावर तिवर, कांदळ यांची बीजे वाहत येऊन आपोआप रुजू शकतात. तेथे लागवडीची गरज उरत नाही. लागवडीनंतर ओहोटीच्या वेळी ठरावीक चौकटींत जिवंत रोपांची वेळोवेळी गणना केली जाते.

मर्यादा

ही पदे बहुधा प्रकल्पाच्या निधीपुरती, अल्पमुदतीची असतात. अधिवास स्थिरावण्यास मात्र अनेक वर्षे लागतात. पद संपताच निरीक्षणे खंडित झाल्यास लावलेल्या रोपांची संख्या नोंदीत राहते, जगलेल्यांची राहत नाही.