कमानीचं छत स्वस्त पडतं, पण भिंतींना ढकलतं

मराठवाड्यातल्या एका मदरशाच्या दोन नव्या खोल्यांचं काम सध्या अडलंय. चंदा कमी जमला, सळईचा भाव ऐकून कमिटी गप्प झाली, तेव्हा मिस्त्रीने तोडगा काढला : सपाट स्लॅब नको, अर्ध्या पिंपासारखं गोल छत करू, दोन-अडीच इंच काँक्रीट आणि जाळीत भागेल. त्या खोल्यांत मुलं बसणार आहेत. कमिटीतल्या एका बुजुर्गांनी आम्हाला विचारलं, "हे टिकेल का?"

टिकू शकतं. पण मिस्त्रीने फक्त छताचा हिशेब सांगितला, भिंतीचा सांगितलाच नाही.

काँक्रीट दाब छान सोसतं. ताण सोसायची त्याची ताकद मात्र दाबाच्या साधारण दहावा भाग. सपाट स्लॅब भाराखाली किंचित वाकतो, त्याच्या खालच्या अंगाला ताण येतो, म्हणून तिथे सळई घालावी लागते. कमानीत वजन दाबाच्या रूपाने कडेकडेने खाली उतरतं. म्हणून लोखंड कमी लागतं. इथवर मिस्त्रीचं बरोबर आहे.

पण ते वजन सरळ खाली उतरत नाही, तिरकं उतरतं. घोडाशिडी गुळगुळीत फरशीवर उघडली की पाय बाहेर सरकतात ना, तसंच. खोली ४ मीटर रुंद, कमानीचा उठाव १ मीटर, आणि छताचं वजन व वरचा भार मिळून चौरस मीटरला ४०० किलो धरा. रुंदीचा वर्ग गुणिले भार, भागिले उठावाची आठपट, असा ढोबळ हिशेब करतात. उत्तर येतं ८०० किलो. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला, दोन्ही बाजूंना, एवढा जोर बाहेर ढकलत राहणार. "छत थोडं चपटं ठेवा, छान दिसतं" म्हणून उठाव अर्धा मीटर केला, तर हाच जोर १६०० किलो होतो. नऊ इंची विटेची भिंत उभं वजन आरामात पेलते, पण आडव्या धक्क्याला ती फार कच्ची.

विजापूरचा गोल घुमट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घुमटाचा भार भिंतींकडे नेतात आणि भिंती सुमारे ३ मीटर जाड आहेत. आपल्याला तेवढी भिंत परवडणार नाही, म्हणून घोडाशिडीला बांधतो तशी दोरी बांधायची : दोन्ही भिंतींच्या माथ्यावर आरसीसीचा पट्टा आणि या पट्ट्यापासून त्या पट्ट्यापर्यंत, ठरावीक अंतरावर, लोखंडी ताणसळया. सळई किती जाड आणि किती अंतरावर, हे इंजिनिअरने ठरवायचं, अंदाजाने नाही. इजिप्तचे वास्तुकार हसन फतही यांनी गरिबांसाठी कच्च्या विटांची कमानी छतं करायला घेतली, तेव्हा त्यांचेही पहिले प्रयत्न कोसळले होते. मग त्यांनी अस्वानकडचे न्युबियन गवंडी आणले, ज्यांच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं.

आता कामाची पद्धत. ओतकाम दोन्ही कडांकडून बरोबरीने माथ्याकडे न्यायचं. एकाच बाजूने भरत गेलात तर सेंटरिंग कलतं. उतारावर काँक्रीट घसरतं हे खरं, पण सपाट करायला सोपं जावं म्हणून वरून पाणी मारणं म्हणजे ताकद धुऊन टाकणं. आयएस ४५६ प्रमाणे ६ मीटरपर्यंतच्या कमानीचे टेकू किमान १४ दिवस आणि त्याहून मोठीचे २१ दिवस ठेवायचे असतात. मिस्त्री आठव्या दिवशी फळ्या मागतो, कारण त्या भाड्याच्या असतात! टेकू काढण्याआधी ताणसळया घट्ट आवळलेल्या हव्यात, नंतर नाही. कमानीच्या एकाच अंगावर रेती-विटांचा ढीग किंवा पाण्याची टाकी नको; पातळ कमान असमान भाराला फार लवकर हार मानते. आणि कोकणात असाल तर पातळ थरातली जाळी खाऱ्या हवेने गंजते, हेही मोजून चाला.

मराठवाड्यात भूकंपाची आठवण काढावीच लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड धाबी लोकांच्या अंगावर आली. आधीच बाहेर ढकलली जाणारी भिंत हादऱ्यात काय करेल, हे सांगायला नको. खोलीच्या चारही भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा म्हणूनच टाळता येत नाही.

ज्यांचं असं छत आधीच झालंय, त्यांनी आतून माथ्याची लांबी निरखून पाहावी. माथ्याच्या रेषेत लांबच लांब भेग दिसली आणि ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर झुकलेली निघाली, तर खोली रिकामी करून इंजिनिअरला बोलवा. भेगेत सिमेंट भरून रंग मारू नका. आणखी एक गोष्ट आम्ही पाहिली आहे : पंखा लावताना मध्ये येते किंवा वाईट दिसते म्हणून ताणसळई कापून टाकलेली. छत त्या दिवशी पडलं नाही, म्हणून कुणाला काही वाटलंही नाही.

मदरशाच्या कमिटीने ताणसळयांचा आणि पट्ट्याचा खर्च धरून नवा अंदाज मागवला आहे. सपाट स्लॅबपेक्षा तो किती कमी येतो ते बघून ठरेल. तोपर्यंत सेंटरिंग लावायचं नाही, एवढं मिस्त्रीनेही मान्य केलंय.