हलकं रिव्हॉल्व्हर, साठीचे हात

शस्त्रांच्या दुकानात बहुतेक ज्येष्ठ गिऱ्हाईक एकच गोष्ट करतं. रिव्हॉल्व्हर उचलतं, तळहातावर तोलून बघतं आणि म्हणतं, "हे बरंय, वजनच नाही. हेच द्या." सोबत आलेला मुलगा किंवा जावईही मान डोलावतो. मनगट दुखतंय, अंगठा आखडलाय, मग जड कशाला घ्यायचं? हा विचार प्रेमापोटीच येतो, पण नवशिक्याची वाट पहिल्याच दिवशी चुकते ती इथे.

आपल्याकडे हलक्या रिव्हॉल्व्हरचं ठळक उदाहरण म्हणजे 'निर्भीक'. कानपूरच्या आयुध कारखान्याने ते २०१४ मध्ये आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, .३२ बोअरचं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार रुपये. पर्समध्ये मावणारं, महिलांसाठीचं रिव्हॉल्व्हर म्हणून त्याचा गाजावाजा झाला. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची 'एअरवेट' रिव्हॉल्व्हरं १९५० च्या दशकातच काढली होती. दोन्हींमागचा हेतू एकच होता: दिवसभर जवळ बाळगताना ओझं वाटू नये. झाडताना सोपं जावं, हा हेतू कधीच नव्हता. हलकेपणा बाळगणाऱ्याच्या सोयीचा असतो आणि त्याची किंमत झाडणाऱ्याच्या हाताला मोजावी लागते.

ही किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिलं ठिकाण सगळ्यांना ठाऊक असतं: धक्का. गोळी आणि जळती दारू पुढे जितका संवेग घेऊन जातात, तितकाच रिव्हॉल्व्हरला मागे मिळतो. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलं, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. तरीही .३२ च्या बाबतीत या धक्क्याचा बाऊ जरा जास्तच होतो. सव्वासहा-साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशे मीटरहून थोड्या अधिक वेगाने जाते, हाताला ते काही सोसवणार नाही असं नाही. त्रास होतो तो मूठ लहान असल्यामुळे. सगळा धक्का अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो आणि साठीनंतर संधिवात नेमका तिथेच घर करून बसलेला असतो. मूठ हाताला भरेल एवढी मोठी आणि रबरी करून घेतली, तर हा त्रास बराच कमी होतो.

दुसऱ्या ठिकाणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे: चाप. घोडा न चढवता नुसता चाप ओढून गोळी झाडायची, तर लहान रिव्हॉल्व्हरमध्ये बोटाला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लावावा लागतो. म्हणजे अर्ध्या किलोच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या नऊ-दहापट जोर, तोही एका बोटाने आणि ती वस्तू तसूभरही न हलवता! आता स्पर्धेतलं दहा मीटरचं एअर पिस्तूल बघा. त्याचं वजन दीड किलोपर्यंत चालतं आणि चापाचा जोर किमान ५०० ग्रॅम असला की पुरतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारातही पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत आणि चाप किमान एक किलोचा असतो. निष्णात नेमबाज जड शस्त्र आणि हलका चाप घेऊन उभे राहतात. आपण मात्र सत्तरीच्या नवशिक्या आजोबांच्या हातात हलकं शस्त्र आणि जड चाप देतो, आणि नेम लागला नाही की वयाला दोष देतो.

वयाचंही तसंच. "आता हात थरथरणार, या वयात काय शिकणार?" असं घरचे म्हणतात आणि अनेकदा शिकणाराही म्हणतो. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर यांनी पासष्टीनंतर पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं. नातीला सोबत म्हणून त्या रायफल क्लबात गेल्या होत्या. हात स्थिर व्हावा म्हणून त्या घरी पाण्याने भरलेला जग धरून उभ्या राहायच्या. पुढे त्यांनी आणि त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर यांनी ज्येष्ठांच्या स्पर्धांत पदकांमागून पदकं मिळवली. चंद्रोबाई २०२१ मध्ये कोविडने गेल्या. पण त्यांनी सुरुवात केली होती ती एअर पिस्तुलाने, रिव्हॉल्व्हरने नव्हे. घरातल्या मोठ्यांना शिकवू पाहणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

हात थोडा डोलतो तो सगळ्यांचाच, पंचविशीतल्या नेमबाजाचासुद्धा. त्या डोलण्याने गोळी दोन-चार बोटं इकडेतिकडे जाईल. लक्ष्य पूर्ण चुकतं ते ऐन वेळी बसणाऱ्या हिसक्याने. (रक्तदाब किंवा कंपासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचा हात उलट अधिक स्थिर असू शकतो. म्हणूनच नेमबाजीच्या स्पर्धांत ते औषध निषिद्ध आहे. स्पर्धेत उतरायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी, औषध मात्र मनाने बंद करू नये.)

हा हिसका डोळ्यांनी बघता येतो. रेंजवर शिकवणाऱ्याने सिलिंडरची काही घरं भरावीत, काही रिकामी ठेवावीत, आणि कुठलं घर रिकामं आहे ते शिकणाऱ्याला सांगू नये. पहिली गोळी सुटते. दुसऱ्या वेळी घोडा रिकाम्या घरावर पडतो, नुसतं 'टक' होतं आणि नळीचं तोंड झपकन खाली जातं. धक्का आलेलाच नसतो, हाताने तो आधीच गृहीत धरलेला असतो. "बाबा, बघितलंत?" एवढंच विचारावं, बाकीचं त्यांचं त्यांना कळतं. पाच-सहा वेळा रिकाम्या घरावर चाप सावकाश ओढला की नळी जागची हलेनाशी होते, आणि मग चेहऱ्यावरचा ताणही उतरतो.

"रिकामा चाप ओढला की रिव्हॉल्व्हर बिघडतं" ही समजूत अर्धी खरी आहे. .२२ च्या शस्त्रात पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, त्यामुळे घर रिकामं असताना तीच पिन घराच्या काठावर आपटून दोघांचंही नुकसान होऊ शकतं. मधोमध ठोकणाऱ्या .३२ सारख्या आधुनिक रिव्हॉल्व्हरला सहसा काही होत नाही, पण जुनं असेल तर कारागिराला विचारावं आणि सरावासाठी नकली काडतुसं वापरावीत. खरी काडतुसं त्या खोलीत नकोतच, दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. सिलिंडर स्वतः बघायचा, शेजारी बसलेल्यानेही बघायचा, आणि तोंड भक्कम भिंतीकडे ठेवायचं. हा सराव आपल्याकडे फार मोलाचा आहे, कारण काडतुसं महाग असतात आणि किती घ्यायची त्याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. २० ज्यूलपर्यंतच्या, .१७७ बोअरच्या एअर पिस्तुलाला देशात बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही. पहिले काही महिने त्यावरच घालवले तर बोट, श्वास आणि नजर तयार होते. मग वजनदार रिव्हॉल्व्हर आणि सगळ्यात शेवटी हलकं.

"एकदा जोरात अनुभव येऊ दे, म्हणजे भीती जाईल" असं म्हणणारे हौशी नातेवाईक रेंजवर हमखास भेटतात. भीती जात नाही, हातात मुरते. पहिल्या दिवशी सिलिंडरमध्ये एकच काडतूस असावं. दचकून पुन्हा चाप ओढला गेला तरी दुसरी गोळी सुटू नये, हेही त्यामागचं कारण आहे. पाठ आणि खांदे दुखायला लागण्याआधी थांबावं, खुर्ची जवळ ठेवावी.

आता डोळे. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं आणि दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून बघायचं तर आजोबा मान मागे टाकतात. तशी मान टाकून नेम धरला की सगळं शरीर मागे झुकतं. नजर ठेवायची असते ती नळीच्या टोकावरच्या माशीवर, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. ती माशी डोळ्यापासून साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरवर येते, म्हणजे संगणकाच्या पडद्याइतक्या अंतरावर. चष्मेवाल्याला नेमकं हे अंतर मोजून सांगितलं तर एकाच भिंगाचा चष्मा मिळतो. अनेकांना 'जमत नाही' असं वाटत असतं, त्यांना खरं तर दिसत नसतं.

"मला तसंही कमी ऐकू येतं, कानाला काही नको" हे वाक्य धोक्याचं आहे. १४० डेसिबलपुढचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो आणि बहुतेक रिव्हॉल्व्हरं १५० च्या वर जातात. उरलेलं ऐकणंच जपायचं असतं. श्रवणयंत्राने कानाचं रक्षण होत नाही. ते काढून ठेवावं, कानात इअरप्लग आणि वर इअरमफ असं दोन्ही घालावं. मग सूचना ऐकू येत नाहीत, म्हणून सुरू करण्याआधीच हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. खांद्यावर हात ठेवला की थांबायचं, बोट चापावरून काढायचं, नळी समोरच ठेवायची.

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो. आधार देणाऱ्या हाताचं बोट तिथे कधीही जाता कामा नये. हे पहिल्याच दिवशी रिकाम्या शस्त्रावर दाखवून द्यावं.

रिव्हॉल्व्हर विकत घेण्याआधी त्याची उघड-मिटही करून बघावी. आपली पारंपरिक .३२ रिव्हॉल्व्हरं मधोमध मोडून भरावी लागतात, त्यांची कळ दाबायला अंगठ्यात जोर हवा. २०२३ मध्ये कानपूरच्याच कंपनीने आणलेल्या 'प्रबल'चा सिलिंडर बाजूला उघडतो आणि वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास आहे. आखडलेल्या बोटांना यातलं काय जमतं, ते जाहिरात सांगू शकत नाही.

कायद्याबद्दलचे गैरसमज थोडक्यात. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडिलांचं रिव्हॉल्व्हर मुलाने एकट्याने रेंजवर नेणं 'घरचंच तर आहे' म्हणून चालत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडण्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेताच्या बांधावर सराव हा सराव नव्हे.

परवाना पाच वर्षांचा असला, तरी सत्तरीतल्या माणसाची प्रकृती पाच वर्षं आहे तशी राहीलच असं नाही. विसरभोळेपणा वाढला, सोबती गेल्यावर मन खचलं, घरात नातवंडं रांगू लागली, तर तिजोरीची किल्ली कुणाकडे असेल हे आजोबांनी स्वतः, पूर्ण भानावर असताना ठरवावं आणि घरच्यांना सांगून ठेवावं. निवडणुकीच्या दिवसांत शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करण्याचा अनुभव अनेक परवानाधारकांना असतो. तसंच ते एरवीही ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. तिथे पावती मिळते, ती परवान्यासोबत ठेवायची.