भागीचा धंदा : वांटणीच्या आधीं रास ठरवा

उमरगे तालुक्यांतील मुरुम हें कर्नाटकाच्या सीमेनजीकचें बाजाराचें गांव. भोंवतालची शेती बहुतांशीं पावसावर. तूर, उडीद, सोयाबीन, ज्वारी, हरभरा हीं तिचीं पिकें. खळीं आतां बैलांच्या पायांखालीं होत नाहींत, मळणी यंत्रानें होतात. एकट्यास यंत्र घेणें जड जातें, म्हणून दोघांनीं मिळून तें घ्यावें व इतरांच्या राशी भाड्यानें काढून द्याव्या, हा विचार स्तुत्य आहे. परंतु असा धंदा मोडतो तो पुष्कळदां तोट्यानें नव्हे, तर वांटणीनें.

बटईची जुनी चाल आपल्या अंगवळणीं पडली आहे. एकाची जमीन, दुसऱ्याचे बैल व अंगमेहनत, रोख खर्च थोडा. तेव्हां खळ्यावर माप घातलें कीं निवाडा होई. आज डिझेल, सुटे भाग, मजुरी, कर्जाचे हप्ते, सारेंच रोकडीचें झालें आहे. तेथें नुसतें ‘निम्मे-निम्मे’ म्हणून भागत नाहीं.

समजा, दोघांनीं ४ लाख रुपयांचें यंत्र घेतलें. थोरल्यानें ३ लाख घातले, धाकट्यानें १ लाख. यंत्र घेऊन खळोखळीं फिरण्याचें काम मात्र धाकट्याकडे. हंगामांत भाडें २ लाख ४० हजार आलें. डिझेल, मजूर व दुरुस्ती यांस १ लाख २० हजार लागले. यंत्राच्या झिजेपोटीं ४० हजार बाजूस ठेवले. उरले ८० हजार. हे भांडवलाप्रमाणें वांटले तर थोरल्यास ६० हजार व धाकट्यास २० हजार. निम्मे केले तर प्रत्येकीं ४० हजार. आणि धाकट्याच्या दोन महिन्यांच्या श्रमाचे २० हजार आधीं काढून बाकीचे ६० हजार भांडवलाप्रमाणें वांटले, तर थोरल्यास ४५ व धाकट्यास ३५ हजार. रक्कम एकच, वांटण्या तीन. आणि कोणीहि लबाडी केलेली नाहीं!

यांतील खरी कोणती? याज्ञवल्क्यस्मृति म्हणते कीं, एकत्र व्यापार करणाऱ्यांनीं लाभ-हानि भांडवलाच्या प्रमाणांत किंवा ठरावाप्रमाणें वांटावी. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा निराळें सांगतो. करार नसेल तर नफा व तोटा दोन्ही सारखे, आणि काम करणाऱ्यास वेगळा मोबदला नाहीं. म्हणजे आपण गप्प राहिलों तर कायदा आपल्या वतीनें बोलतो. तें बोलणें तिप्पट पैसा घालणाऱ्यास रुचत नाहीं, आणि उन्हांत राबणाऱ्यासहि रुचत नाहीं.

शेंकड्याच्या आंकड्याआधीं रास कोणती, हें ठरलें पाहिजे. मुरुमास विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना निघाला, त्यामुळें उंसाचें उदाहरण येथील वाचकांस जवळचें आहे. २०१२ सालीं रंगराजन समितीनें उंसाच्या दराचें जें सूत्र सुचविलें, त्यांत साखर व उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नांत शेतकऱ्याचा वांटा ७० टक्के आहे. राशींत केवळ साखर धरली तर तो ७५ टक्के होतो. रास बदलली कीं शेंकडा बदलतो. यंत्राच्या भाड्यांतून डिझेल वजा करून वांटणी, कीं वांटून मग डिझेल, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

आतां पाऊस दडी मारतो तें वर्ष घ्या. भाडें ६० हजार, खर्च ७० हजार. झीज तूर्त सोडली तरी तोटा १० हजार. लेख नसेल तर कायद्यानें प्रत्येकाच्या अंगावर ५ हजार, आणि धाकट्याचे श्रम फुकट. श्रम हा खर्च, असें ठरलें असेल तर तोटा ३० हजार. भांडवलाप्रमाणें थोरल्याकडे साडेबावीस हजार, धाकट्याकडे साडेसात हजार. श्रमाचे २० हजार धरतां धाकट्याच्या हातीं साडेबारा हजार राहतात. चांगल्या वर्षीं उदार असणें सोपें आहे. ठराव करावा तो वाईट वर्ष डोळ्यांपुढें ठेवून.

म्हणून यंत्र दारांत येण्यापूर्वीं पुढील गोष्टी लिहून काढाव्या. कोणता खर्च आधीं वजा होणार. झिजेसाठीं किती ठेवणार. राबणाऱ्यास काय देणार आणि तें तोट्याच्या वर्षींहि देणार काय. भांडवलावर व्याज धरणार काय. नफ्याचें प्रमाण काय व तोट्याचें काय. हंगामांत एकानें पदरचे पैसे घातले तर ते भांडवल नव्हे, उसने समजावे. अशा रकमेवर कायदा ६ टक्के व्याज देववितो. धंदा मोडल्यास आधीं बाहेरचीं देणीं, मग भागीदारांची उसनवारी, मग भांडवल व शेवटीं उरेल तें नफ्याच्या प्रमाणांत, हा क्रमहि कायद्यांत दिलेला आहे. भागीदारीची नोंदणी करावी. नोंदणी नसलेल्या भागीदारीस कोर्टांत हक्क मागणें सामान्यतः बंद होतें.

भावाभावांत लेख कशाला, असें कोणी म्हणेल. लेख अविश्वासाचा नसतो. दोघांची आठवण सारखी राहावी, एवढ्यासाठींच तो करावयाचा.